गोचीड: ओळख, प्रतिबंध व बंदोबस्त



ज्याला गोचीड ठाऊक नाहीं असा मनुष्य आपल्या खेड्यांत सांपडणें कठीण. दूध काढतांना गाईच्या कांसेला, कुत्र्याच्या कानांत, रानांतून परत आल्यावर आपल्याच पायाच्या घोट्यावर, असा तो आपणांस नित्य भेटतो. परंतु जें नित्य दृष्टीस पडतें त्याजकडे आपण बहुधा नीट पाहत नाहीं. ढेकूण झाले तर खाट उन्हांत टाकतों, उंदरानें धान्य खाल्लें तर सांपळा लावतों. पण गोचिडाविषयीं मात्र ‘गुरांना ते असायचेच’ असें म्हणून स्वस्थ बसतों. तो थोडेंसें रक्त पितो व गळून पडतो, यापलीकडे त्याचा अपराध नाहीं, अशी आपली समजूत आहे. ही समजूत खरी नाहीं, आणि तिची किंमत कित्येक घरांनीं दुभत्या गाईनें व कित्येकांनीं घरच्या माणसानें भरली आहे. म्हणून या पाठांत आपण गोचिडाची ओळख करून घेऊं, त्याच्यापासून कोणतीं दुखणीं होतात तें पाहूं, आणि थोडक्या पैशांत त्याचा बंदोबस्त कसा करावा तें शिकूं. जे हा पाठ इतरांस वाचून दाखवितील त्यांनीं एकेक भाग वाचून थांबावें व ऐकणाऱ्यांस आपला अनुभव सांगूं द्यावा. कारण गुराख्यास जें माहीत असतें तें पुष्कळदां पुस्तक वाचणाऱ्यास माहीत नसतें.

१. गोचीड म्हणजे काय?

पुष्कळांस वाटतें कीं, गोचीड हा माशी, पिसू, ढेकूण यांच्याच जातीचा कीटक आहे. तसें नाहीं. कीटकास सहा पाय असतात. पुरत्या वाढलेल्या गोचिडास आठ असतात. तो कोळी व विंचू यांच्या कुळांतला आहे. त्यास पंख नाहींत, म्हणून उडतां येत नाहीं. पिसवेप्रमाणें उडी मारतां येत नाहीं. तो झाडावरून नेम धरून मनुष्याच्या अंगावर पडतो हेंही खरें नाहीं. तो चालतो, चढतो आणि वाट पाहतो. गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या टोंकाशीं जाऊन तो मागच्या पायांनीं तें घट्ट धरतो व पुढचे दोन पाय पसरून बसतो. त्या पुढच्या पायांवर वास ओळखण्याचें इंद्रिय असतें. जनावर किंवा मनुष्य जवळ आला कीं, त्याच्या श्वासावरून व अंगाच्या उष्णतेवरून गोचिडास तें कळतें, आणि अंग गवतास घांसतांच तो त्यावर चढतो. मग तो मऊ कातडीची जागा शोधीत वर वर जातो. म्हणून तो गुरांच्या कानांत, कांसेवर व शेंपटीखालीं, आणि माणसाच्या काखेंत, जांघेंत, कमरेच्या कडदोऱ्याखालीं व गुडघ्याच्या मागें सांपडतो.

त्याच्या तोंडास मासे धरण्याच्या गळासारखे उलटे कांटे असतात. एकदां तें तोंड कातडीत रुतलें म्हणजे सहजासहजीं निघत नाहीं. शिवाय त्याच्या लाळेंत अशी शक्ति आहे कीं, चावल्याची वेदना होत नाहीं व रक्तही गोठत नाहीं. यामुळें गोचीड दोन दोन दिवस अंगाला चिकटून असला तरी मनुष्यास पत्ता लागत नाहीं. मच्छर चावला तर हात आपोआप तेथें जातो. गोचिडाच्या बाबतींत हात नव्हे तर डोळा कामाला लावावा लागतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें सांगावयाचे बहुतेक उपाय हिच्यावरच अवलंबून आहेत.

२. त्याचें जीवन

गोचिडाच्या आयुष्यांत चार अवस्था आहेत. पहिली अंड्याची. दुसरी, अंड्यांतून निघालेल्या पिल्लाची. हें पिल्लूं मोहरीहूनही लहान असून त्यास सहाच पाय असतात. तिसरी, मधल्या वयाच्या गोचिडाची. यास आठ पाय असतात, पण हा तिळाएवढाच असतो. चौथी, पूर्ण वाढलेल्या नराची व मादीची. अंड्यांतून बाहेर पडल्यावर प्रत्येक अवस्थेंत त्यास एकदां पोटभर रक्त लागतें. तें मिळाल्यावांचून त्याची पुढची वाढ होत नाहीं.

कांहीं गोचीड या तिन्ही अवस्था एकाच जनावराच्या अंगावर काढतात. कांहीं प्रत्येक जेवणानंतर खालीं पडतात, जमिनींत किंवा भिंतीच्या फटींत लपून कात टाकतात, आणि मग दुसरें जनावर शोधतात. जो गोचीड आज उंदराचें रक्त पितो, तोच पुढें माकडाचें व त्यानंतर गाईचें किंवा माणसाचें पितो. एका प्राण्याचा रोग दुसऱ्यास कसा पोंचतो, याचें उत्तर येथें आहे.

पोट भरलेली मादी मूळ वजनाच्या शंभरपटीपर्यंत फुगते. एरंडीच्या बीसारखे करडे टपोरे गोचीड गुरांच्या अंगावर आपण पाहतों, त्या याच माद्या होत. अशी मादी खालीं गळून पडते, फटींत किंवा शेणकचऱ्याखालीं शिरते, आणि एकाच वेळीं दोन-तीन हजार अंडीं घालून मरते. आतां हिशेब करा. एका गाईच्या अंगावरून दहा माद्या गोठ्यांत पडल्या, तर पुढच्या पिढीचीं वीस ते तीस हजार अंडीं गोठ्यांत तयार झालीं. त्यांतलीं बहुतेक मरतात हें खरें. तरी शंभरांतून एक जगलें तरी दोन-तीनशें गोचीड झाले. उलट त्या दहा माद्या फुगण्यापूर्वींच वेंचून मारल्या, तर हें सर्व अर्ध्या घटकेच्या कामानें टळलें.

रक्त न मिळतां गोचीड पुष्कळ दिवस जगूं शकतो. कुत्र्याचा गोचीड तर भिंतीच्या फटींत वर्षभरही उपाशी राहूं शकतो. ‘चार महिने गोठा रिकामा होता, आतां गोचीड कोठून असणार?’ असें म्हणणें म्हणूनच चुकीचें आहे. गोचिडास भुकेचें भय फारसें नाहीं. त्याला भय आहे तें कोरड्या हवेचें व कडक उन्हाचें. त्याचें अंग सुकलें कीं तो मरतो. ओल, सांवली, पालापाचोळा व फट हीं त्याचीं आश्रयस्थानें आहेत.

३. आपल्या घराभोवतीं आढळणारे गोचीड

गोचिडाच्या जाती पुष्कळ आहेत, परंतु खेड्यांतील माणसानें चार ओळखल्या तरी पुरे.

पहिला, गुरांचा निळसर-करडा गोचीड. हा जन्मापासून पोट भरेपर्यंत एकाच जनावरावर राहतो, आणि पिल्लापासून फुगलेली मादी होण्यास त्यास सुमारें तीन आठवडे लागतात. हा मुख्यतः चराऊ रानांतून येतो.

दुसरा, लांब पायांचा गोठ्यांतील गोचीड. याच्या पायांवर फिकट पट्टे दिसतात. हा पोट भरल्यावर गोठ्याच्या भिंतींत, गव्हाणीच्या खालीं व खुंट्याच्या बुडाशीं शिरतो. केवळ जनावरास औषध लावून हा जात नाहीं. गोठाही स्वच्छ करावा लागतो.

तिसरा, कुत्र्याचा तांबूस-तपकिरी गोचीड. हा सर्वांत घरगुती. याचें सर्व आयुष्य घराच्या आंतच जाऊं शकतें. हा भिंतीवर चढतो, चौकटीच्या फटींत, आढ्यांत व खाटेच्या सांध्यांत अंडीं घालतो.

चौथा, दाट रानांतील गोचीड. शास्त्रज्ञ याला हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा म्हणतात. याचीं पिल्लें व मधल्या वयाचे गोचीड उंदीर, पक्षी व माकडें यांवर वाढतात, व मोठे गुरांवर. माकडतापाचा मुख्य वाहक तो हाच.

यांशिवाय कोंबड्यांच्या खुराड्यांत एक मऊ पाठीचा गोचीड असतो. तो दिवसा लांकडाच्या फटींत दडतो व रात्रीं कोंबड्यांचें रक्त पितो. कोंबड्या सुकूं लागल्या, अंडीं देईनाशा झाल्या आणि दिवसा अंगावर कांहीं दिसत नसलें, तर रात्रीं दिवा घेऊन खुराडें पाहावें.

४. जनावरांचीं दुखणीं

गोचीड रोग पसरवितो हें जगास प्रथम कसें कळलें, ती हकीकत बोधप्रद आहे. अमेरिकेंत दक्षिणेकडचीं गुरें उत्तरेस हांकून नेलीं म्हणजे त्यांच्या वाटेवर चरणारीं उत्तरेकडचीं गुरें तापानें पटापट मरत. दक्षिणेकडचीं मात्र धडधाकट राहत. गुरें पाळणारे लोक म्हणत कीं, हा गोचिडांचा प्रताप आहे. पण शिकलेल्या लोकांस तें खरें वाटेना. शेवटीं थिओबाल्ड स्मिथ व फ्रेड किलबोर्न यांनीं कुरणें कुंपणानें वेगळीं करून परीक्षा पाहिली. दक्षिणेकडच्या गुरांचे गोचीड वेंचून काढून मग तीं उत्तरेकडच्या गुरांबरोबर ठेवलीं, तेव्हां कोणी आजारी पडलें नाहीं. एका कुरणांत दक्षिणेकडचीं गुरें न आणतां नुसते गोचीड टाकले, तेथें गुरें तापानें पडलीं. १८९३ सालीं त्यांनीं ही गोष्ट प्रसिद्ध केली. त्यानंतर चार वर्षांनीं, १८९७ सालीं, रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें हिंवतापाचे जंतु मच्छराच्या पोटांत दाखविले. रक्त पिणारा क्षुद्र जीव रोगाचा वाहक असतो, हा धडा जगानें प्रथम गोचिडापासून घेतला, आणि त्या बाबतींत गुराख्यांचा संशय खरा ठरला.

त्याच जातीचा ताप आपल्याकडे गाईम्हशींस होतो. त्यांत ताप चढतो आणि लघवी तांबडी किंवा काळ्या चहासारखी होते. दुसऱ्या एका गोचीडतापांत जनावराच्या खांद्यापुढची गांठ सुजते, ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत जातो, डोळ्यांच्या आंतली तांबडी कड पांढरी फटफटीत पडते, दूध एकदम आटतें व जनावर धापा टाकतें. आपलीं देशी गुरें, म्हणजे खिल्लार, डांगी, गीर यांसारखीं, हा ताप बऱ्याच अंशीं सोसतात. जर्सी व होल्स्टीन यांच्या संकरित गाई मात्र लवकर दगावतात. ज्यानें कर्ज काढून संकरित गाय घेतली आहे, त्यानें गोचिडाकडे दुर्लक्ष करणें म्हणजे कर्जाच्या पैशास आग लावणें होय. या दोन्ही तापांवर खात्रीचीं औषधें आहेत, पण तीं पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलीं तर. दुसऱ्या तापाची प्रतिबंधक लसही संकरित जनावरांकरितां मिळते. मंत्र, डाग व पाला यांत दिवस दवडूं नयेत, पशुवैद्यास बोलवावें.

५. माणसांचीं दुखणीं

माकडताप. १९५७ सालीं कर्नाटकांतील शिमोगा जिल्ह्याच्या रानांत माकडें मरून पडूं लागलीं, आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसें कडक तापानें आजारी पडलीं. पुण्यास १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं शोध केला. प्रथम त्यांना आफ्रिकेंतील पीतज्वराची शंका आली. परंतु निघाला तो एक नवाच विषाणु, व त्याचा वाहक रानांतील गोचीड. ज्या क्यासनूर रानांत तो सांपडला त्याचें नांव या रोगास मिळालें. पुढें पुष्कळ वर्षें हा रोग कर्नाटकांतच आहे असें लोक समजत. परंतु २०१३ पासून तो केरळांतील वायनाडांत, २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत पाली गांवीं, व २०१६ सालीं आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग तालुक्यांत केर गांवीं दिसून आला. दुसऱ्या वर्षीं सावंतवाडी तालुक्यांत बांद्याच्या बाजूसही त्याची सांथ झाली. काजूच्या बागांत काम करणारे, सरपणास जाणारे, गुरें चारणारे, अशीं कष्टाळू माणसेंच याला बळी पडतात. आणि काजूचा हंगाम व गोचिडाचा हंगाम एकाच वेळीं येतो.

हा रोग डिसेंबरापासून मे महिन्यापर्यंत होतो, कारण तिळाएवढे मधल्या वयाचे गोचीड त्या महिन्यांत जमिनीवर फार असतात, आणि माणसास चावतात ते मुख्यतः हेच. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून एकाएकीं ताप भरतो. डोकें व कंबर असह्य दुखते, डोळे लाल होतात, उलट्या व हगवण लागते. कित्येकांच्या नाकांतून व हिरड्यांतून रक्त येतें. कांहींचा ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनीं पुन्हां येतो, व त्या वेळीं भ्रम होतो, मान ताठते. शंभर रोग्यांत सुमारें तीन ते पांच दगावतात. या विषाणूवर नेमकें औषध नाहीं. परंतु वेळीं दवाखान्यांत नेलें, अंगांतील पाणी कमी होऊं दिलें नाहीं व रक्तस्रावावर लक्ष ठेवलें, तर बहुतेक बरे होतात. पूर्वीं एक लस देत असत. ती कमी पडते असें दिसून आल्यानें तिचा वापर थांबविण्यांत आला. म्हणून गोचीड अंगाला लागूं न देणें हाच मुख्य उपाय.

येथें दोन गोष्टी विसरूं नयेत. एक, माकडताप रोग्यापासून दुसऱ्यास लागत नाहीं. ज्याच्या घरीं माकडताप झाला त्याच्या घरचें पाणी बंद करणें, त्याच्या मुलांस शाळेंत दूर बसविणें, हा अन्याय आहे, व तो अज्ञानानें होतो. दुसरी, माकड हा अपराधी नव्हे. तो आपल्यासारखाच रोगाचा बळी आहे, आणि मरून तो आपणांस इशारा देतो. माकडें मारल्यानें रोग जात नाहीं. मात्र मेलेल्या माकडास कोणी हात लावूं नये, मग तो हात भक्तीनें लावलेला असो वा कुतूहलानें. माकड मेल्यावर त्याच्या अंगावरील भुकेले गोचीड तेथेंच उतरतात. ती जागा टाळावी व लगेच आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास कळवावें. त्यांचीं माणसें येऊन सभोंवार सुमारें पन्नास फुटांपर्यंत औषध टाकतात.

कांगो ताप. हा भारतांत प्रथम २०११ सालच्या जानेवारींत गुजरातच्या अहमदाबाद जिल्ह्यांतील कोलाट गांवीं ओळखला गेला. तो लांब पायांच्या गोठ्यांतील गोचिडापासून होतो. माकडतापाहून याचें एक भेद आहे: रोगी माणसाच्या किंवा जनावराच्या रक्तापासूनही हा लागतो. त्या वेळीं रोग्याची शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यास बळी पडले. म्हणून गोचीड नखानें चिरडूं नये, आणि कापलेल्या जनावराच्या रक्तांत उघडा हात घालूं नये.

ठिपक्यांचा ताप. हा कुत्र्याच्या व इतर गोचिडांपासून होतो. महाराष्ट्रांतही तो आढळतो. तापाबरोबर अंगावर तांबडे ठिपके उठतात, आणि ते तळहात व तळपाय यांवरही येतात, ही त्याची खूण. यावर साधें व स्वस्त औषध आहे, पण उशीर झाला तर हा जीव घेतो. मुलास ताप व पुरळ आल्यास ‘गोवर असेल’ म्हणून घरीं ठेवूं नये. तळहात पाहावे व डॉक्टरास दाखवावें.

६. बंदोबस्त

घर व अंगण. घरापासून चार-पांच हातांपर्यंत गवत व झुडपें काढून जमीन उघडी ठेवावी, म्हणजे ऊन पोंचेल. कोंकणांत गोठ्यांत पसरण्याकरितां व भाजावळीकरितां रानांतून सुका पाला आणून घराशेजारीं रचून ठेवतात. त्या पाल्याबरोबर गोचीड घरीं येतात. शिमोग्यांत २०११-१२ सालच्या सांथीचा तपास झाला, तेव्हां ज्यांच्या आवारांत सुक्या पाल्याचे ढीग होते त्यांस धोका अधिक दिसून आला. पाला आणावाच लागला तर घरापासून दूर ठेवावा, मुलांस त्यावर खेळूं देऊं नये, व हाताळल्यावर अंग धुवावें. उंदीर गोचीड वागवितात, म्हणून लांकडाचे ढीग व उष्टें-खरकटें घराला लागून ठेवूं नये.

गोठा. भिंतीच्या व जमिनीच्या सर्व फटी माती-चुन्यानें किंवा सिमेंटानें बुजवाव्या. भिंतीला चुना लावावा. शेण व मूत रोज काढून उकिरडा गोठ्यापासून दूर करावा. जनावरें उन्हांत बांधून आठवड्यांतून एकदां गोठा कोरडा होऊं द्यावा. बाजारांतून आणलेलें नवें जनावर कांहीं दिवस वेगळें बांधावें व गोचीड काढूनच इतरांत मिसळावें. गोठ्यांत कोंबड्या फिरूं द्याव्या. त्या खालीं पडलेले गोचीड वेंचून खातात.

जनावराचें अंग. रोज खरारा करावा, व कान, गळा, काख, कांस आणि शेंपटीचें बूड हात फिरवून तपासावें. निघालेले गोचीड जमिनीवर टाकूं नयेत. डब्यांत रॉकेल किंवा साबणाचें पाणी घेऊन त्यांत टाकावे. गोचीड फार असल्यास पशुवैद्यास विचारून औषध आणावें. डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ वगैरे औषधें पाण्यांत मिसळून अंगास लावतात. यांविषयीं पुढील नियम पाळावे. माप बाटलीवर लिहिल्याप्रमाणें घ्यावें. ‘थोडें जास्त टाकलें तर लवकर गुण येईल’ हा विचार विषबाधेस कारण होतो. औषध लावण्यापूर्वीं जनावरास पोटभर पाणी पाजावें, म्हणजे तें अंग चाटणार नाहीं. जखमेवर, डोळ्यांत व तोंडाजवळ लावूं नये. पिकांवरचें औषध जनावरास कधींही लावूं नये. टोंचण्याचें औषध दुभत्या जनावरास वैद्यास विचारल्यावांचून देऊं नये, कारण तें दुधांत उतरतें. रिकामी बाटली पाण्यास किंवा तेलास वापरूं नये.

एकदां औषध लावून काम होत नाहीं, कारण गोठ्यांतील अंड्यांतून पुढें पिल्लें निघतात. म्हणून पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें दोन-तीन आठवड्यांनीं पुन्हां लावावें, व त्याच वेळीं गोठ्याच्या भिंतींवरही फवारावें. वर्षानुवर्षें एकच औषध वापरलें तर गोचीड त्यास दाद देईनासे होतात; तसें दिसल्यास वैद्यास सांगून औषध बदलावें. कडुनिंबाच्या व करंजाच्या तेलाचा कांहीं अंशीं उपयोग होतो, पण सर्व भिस्त त्यावर ठेवूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, एका घरानें औषध लावलें व शेजाऱ्यानें लावलें नाहीं, तर चराऊ रानांत सर्व पुन्हां एक होतात. सर्व गांवानें एकच दिवस ठरवून सगळीं जनावरें एकदम करावीं.

कुत्रा. त्याच्या कानांत, गळपट्ट्याखालीं व बोटांच्या बेचक्यांत रोज पाहावें. त्याची बसावयाची जागा धुवावी व उन्हांत वाळवावी. गोचीड लागलेल्या कुत्र्यास मुलांच्या अंथरुणांत येऊं देऊं नये.

रानांत जातांना. पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ घालावा, त्याचीं टोंकें मोज्यांत खोंचावीं. स्त्रियांनीं पायांस घोट्यापासून कापड गुंडाळावें. फिकट रंगाच्या कपड्यांवर गोचीड लवकर दिसतो. ज्या भागांत माकडताप आहे तेथें आरोग्य खातें ‘डेपा’ नांवाचें तेल देतें. तें उघड्या अंगास लावूनच जावें. पालापाचोळ्यावर बसूं किंवा निजूं नये. घरीं येतांच कपडे बाहेर काढून कढत पाण्यांत टाकावे, गरम पाण्यानें साबण लावून स्नान करावें, आणि एकमेकांचें अंग पाहावें. लहान मुलांचे केस व कानांमागची जागा आईनें पाहावी.

७. अंगाला लागलेला गोचीड कसा काढावा?

बारीक टोंकाचा चिमटा घ्यावा. गोचिडास पोटाशीं न धरतां, कातडीला अगदीं लागून, तोंडाजवळ धरावें. मग न पिळतां व झटका न देतां सरळ वर सावकाश ओढावें. चिमटा नसल्यास बोटांस कापड किंवा कागद गुंडाळून तसेंच करावें. त्यावर रॉकेल ओतणें, चुना लावणें, विडीचा चटका देणें या रीती वाईट आहेत. गोचीड व्याकुळ झाला म्हणजे त्याची लाळ व पोटांतील रक्त जखमेंत उतरण्याचा संभव असतो, आणि रोग त्यांतच असतो. काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यांत किंवा स्पिरिटांत टाकावा. जागा व हात साबणानें धुवावे. तोंडाचा बारीक तुकडा आंत राहिला तर सुईनें उकरीत बसूं नये. तो आपोआप निघतो. मग त्या दिवसाची तारीख भिंतीवर किंवा पंचांगावर लिहून ठेवावी.

तारीख कशास? पुढें दोन आठवड्यांत ताप आला, तर त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत जावें, आणि ‘अमुक दिवशीं गोचीड चावला, मी अमुक रानांत गेलों होतों, तेथें माकड मेलें होतें’ असें डॉक्टरास आपण होऊन सांगावें. तापाचीं कारणें पुष्कळ असतात. विचारल्यावांचून डॉक्टरास तें कळणार नाहीं, आणि घाईच्या वेळीं तो विचारीलच असें नाहीं. एका वाक्यानें तपास योग्य दिशेस लागतो. ताप व अंगदुखीसाठीं दुकानांतून ॲस्पिरिन घेऊं नये, कारण त्यानें रक्तस्राव वाढतो.

८. शेवटचे दोन शब्द

या पाठांत सांगितलेल्या उपायांपैकीं बहुतेकांस पैसा लागत नाहीं. झाडू, चुना, डबाभर साबणाचें पाणी, एक चिमटा, आणि रोज संध्याकाळीं अर्धी घटका, एवढेंच पाहिजे. उणीव असते ती नियमाची. आठ दिवस उत्साहानें गोठा झाडला व नववे दिवशीं सोडून दिला, तर भिंतींतील गोचीड वाट पाहण्यांत आपल्याहून अधिक चिवट आहे. म्हणून काम वांटून घ्यावें: गोठा बापानें, कुत्रा मोठ्या मुलानें, लहानांचें अंग आईनें किंवा आजीनें पाहावें. शाळेंतील मुलांस चिमट्यानें गोचीड काढण्याची रीत शिकवावी. तीं घरीं जाऊन सर्वांस शिकवितील. आणि ज्या गांवाजवळ माकड मरून पडलें असेल, तेथें ती बातमी दडवूं नये किंवा ‘कशाला उगीच भानगड’ म्हणून गप्प बसूं नये. ती एक बातमी वेळेवर पोंचली तर उद्यां त्या वाटेनें काजू वेंचावयास जाणाऱ्या कोणा तरी बाईचा प्राण वांचेल.

पाठावरील प्रश्न

(१) गोचीड कीटक नाहीं हें कशावरून ओळखावें?
(२) गोचीड चावला तरी मनुष्यास का कळत नाहीं?
(३) दहा माद्या गोठ्यांत पडूं दिल्या तर काय होईल, तें हिशेबानें सांगा.
(४) स्मिथ व किलबोर्न यांनीं कुरणांत कोणती परीक्षा केली, व तिच्यावरून काय सिद्ध झालें?
(५) माकडताप व कांगो ताप यांत रोग्याच्या शुश्रूषेच्या दृष्टीनें कोणता भेद आहे?
(६) मेलेलें माकड दिसल्यास काय करावें व काय करूं नये?
(७) आपल्या गांवांत सर्व जनावरांस एकाच दिवशीं औषध लावावयाचें ठरल्यास, कोणतें काम कोणीं करावें, तें आपसांत बोलून ठरवा.